सायकल लावून येतो

खारूचे बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे, आणि ते राहत होते त्या इमारतीलाच लिफ्ट नव्हती. दिवसभर दुसऱ्यांना वर-खाली नेणारा हा माणूस संध्याकाळी स्वतः तीन जिने चढून घरी यायचा. सगळी इमारत त्यांना लिफ्टवाले म्हणायची, आणि म्हणताना थोडं हसायचीही. त्यांना त्याचं वाईट वाटत नसे. "माझी लिफ्ट दोन चाकांची आहे," ते म्हणायचे, "फक्त ती आडवी चालते."

ही दोन चाकांची लिफ्ट म्हणजे त्यांची काळी सायकल. मागे भक्कम कॅरिअर आणि त्यावर करकचून बांधलेली पान्यांची पिशवी. रोज दिवे लागायच्या सुमाराला ती इमारतीच्या दाराशी यायची आणि जिन्याच्या पोकळीतून खालून आवाज यायचा, "आलो गं! सायकल लावून येतो!"

वर खारूची आई स्वयंपाकघरातूनच उत्तर द्यायची, "या!"

रोजचं बोलणं. त्यात कुणी लक्ष घालावं असं काही नव्हतं.

सायकल लावायची जागा तळमजल्यावर जिन्याखाली होती. जिना वर चढत जातो तशी त्याच्याखालची जागा एका बाजूला उंच आणि दुसऱ्या बाजूला बुटकी होत जाते, तशीच ही होती, आणि त्यात पुन्हा चिंचोळी. तिथे सायकल सरळ ढकलून चालत नसे. मागचं चाक आधी आत घालून ती उलटी सरकवावी लागायची, नाहीतर सकाळी बाहेर काढताना हँडल भिंतीत अडकायचं. म्हणून ते दोन माणसांचं काम होऊन बसलं होतं. खालून आवाज आला की खारू धडाधड जिने उतरायची, मागून कॅरिअर धरायची आणि हुकूम सोडायची, "डावीकडे. अजून डावीकडे. बस, बस, बस!" खारू हे काही तिचं खरं नाव नव्हे. जेवताना घास गालात धरून बसायची सवय होती, म्हणून बाबांनी ठेवलेलं नाव. पण सायकल लावताना बाबांचा तिच्या शब्दावर जेवढा विश्वास होता, तेवढा स्वतःच्या मोजपट्टीवरही नव्हता.

त्या संध्याकाळी आवाज आला तेव्हा आई खारूची वेणी घालत होती. एक वेणी झाली होती आणि दुसरीचे पेड बोटांत होते. खारू उठायला लागली तशी आई म्हणाली, "थांब गं, सगळी सुटेल. आज लावतील ते एकटे." आणि मान वळवून तिने जिन्याकडे आवाज टाकला, "या!"

वेणी पुरी झाली. रिबीन बांधून झाली. जिन्यावर पावलं काही वाजली नाहीत.

तळमजल्यावरच्या आजी दार उघडून बाहेर आल्या, तेव्हा लिफ्टवाले जिन्याखाली सायकलला टेकून बसले होते. एक हात सीटवर होता. सायकलचं स्टँड अर्धंच खाली आलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, त्यांना स्वतःलाही कळलं नसेल.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते खारूच्या आईला नीटसं आठवत नाही. ती दप्तरं शिवण्याच्या कारखान्यात चेन बसवायचं काम करायची. सकाळी जायची, दिवसभर मशीनवर मान खाली घालून दोन काठ एकमेकांना जुळवत बसायची आणि संध्याकाळी परत यायची. येता-जाता जिन्याखाली उभी असलेली सायकल तिला दिसायची, आणि ती जिन्याच्या कठड्याकडे बघत वर चढायची.

मग घरमालकाने जिन्याखाली पाण्याचा नवा पंप बसवायचं ठरवलं. पुढे जाळीचं दार येणार होतं. सायकल उचला, असा निरोप आला.

"विकून टाक ताई," मामा म्हणाला. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. सुतारकाम करायचा, दोन गल्ल्या सोडून राहायचा. "या खोलीत तुम्ही दोघी मावता हेच नवल आहे."

"सायकल विकायची नाही," खारू म्हणाली.

आईने नकारार्थी मान हलवली. तिलाही विकायची नव्हती. मग मामाने सायकल खांद्यावर मारली आणि धापा टाकत वर आणली. "भाऊजींनी हिला काय खाऊ घातलं होतं गं? माझ्या अख्ख्या कपाटाचं वजन एवढं नसतं."

एक खोली आणि एक स्वयंपाकघर, एवढंच ते घर. खोलीत पलंग, कपाट आणि भिंतीला लावलेलं पाडायचं टेबल. ते पाडलं की खारूचा अभ्यास, आणि उचलून लावलं की चालायला वाट. अशा घरात माणसाने चहा घ्यायलाही कोपर अंगाशी धरूनच बसावं. सायकल आधी दारामागे उभी केली. त्यामुळे दार अर्धंच उघडायला लागलं, आणि आई कारखान्यातून आली की आडवी होऊन, पोट आत ओढून घरात शिरायची. तरी पायडल नडगीला लागायचंच. मग ती खिडकीखाली नेली, तर हँडलने पडदा ओढून दांडीसकट खाली आणला. मग स्वयंपाकघराच्या तोंडाशी ठेवली. तिथे तर कहरच झाला. गॅसवर दूध वर आलं, आई पलंगावरून उठली, सायकलला वळसा घालून पोचेपर्यंत दुधाने ओटा ओलांडला होता.

"ही सायकल आहे की जावईबापू?" मामा डोकं खाजवत म्हणाला. "घरातली उत्तम जागा मिळाल्याशिवाय टेकायचं नाव नाही!"

खारू हसली नाही. ती म्हणाली, "तिला नाही मामा, बाबांना जागा मिळत नाहीये."

मामाने आईकडे पाहिलं. आईने नजर चुकवली, कारण तो आवाज तिनेही ऐकला होता.

तुम्ही कधी सायकल हातात धरून नुसती चालवत नेली असेल, तर तो आवाज तुम्हाला ठाऊक असेल. पायडल थांबलेलं असतं, चाक पुढे जात असतं, आणि मागच्या चाकाच्या पोटातून बारीक आवाज येत राहतो. टिक्, टिक्, टिक्. जोरात नेली तर भरभर, हळू नेली तर थांबून थांबून. सायकल वर आली, खाली पंप बसला, त्या पहिल्याच संध्याकाळी, दिवे लागायच्या सुमाराला, दारामागून तो आवाज आला होता. टिक्... टिक्... आणि मग थांबला, जणू कुणी सायकल थोडी पुढे नेली, अंदाज घेतला, आणि जमत नाही म्हणून पुन्हा मागे ओढली. आई कणीक मळत होती. तिचे हात परातीतच राहिले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. जागा बदलली तरी तसंच.

"आई, बाबा अजून सायकल लावतायत," खारू सहज म्हणाली होती, पाऊस आला का बघ म्हणावं इतक्या सहज. "लावून येतो म्हणाले ना ते? लावून झाली की येतील."

"गप्प बस. काहीतरीच बोलू नकोस." आई एवढंच म्हणाली, पण म्हणताना तिने घाईघाईने दिवा लावला.

मामाला मात्र प्रत्येक गोष्टीला कारण असतं असं वाटायचं, आणि कारण सापडलं की तो खूश व्हायचा. तो संध्याकाळी मुद्दाम येऊन बसला. टिकटिक सुरू झाल्याबरोबर त्याने भिंतीला तळहात लावला आणि टाळी वाजवली. "सापडलं! ताई, हात लाव इथे. थरथरतेय ना? खाली पंप सुरू झालाय. याच वेळेला पाणी चढवतात. भिंत थरथरते, सायकल थरथरते, चाक टिकटिकतं. झालं!"

आईने हात लावला. भिंत खरंच थरथरत होती. तिच्या छातीवरचा दगड उतरला. इतक्या दिवसांनी ती पहिल्यांदा मोकळं हसली आणि मामाला आग्रहाने जेवायला ठेवून घेतलं. खारू पानावर बसली खरी, पण घास गालात धरून दाराकडे बघत राहिली.

पुढच्या रविवारी मामा हत्यारं घेऊन आला. सायकल कमी जागेत बसवायची तर तिची रुंदी कमी करायला हवी, आणि सायकलची रुंदी म्हणजे मुख्यतः दोनच गोष्टी, हँडल आणि पायडल. त्याने हँडलच्या मानेतला बोल्ट सैल केला, पुढचं चाक होतं तसंच ठेवून हँडल फिरवून चौकटीच्या रेषेत आणलं, आणि बोल्ट पुन्हा आवळला. मग खारूच्या हातात पाना दिला.

"उजवं पायडल काढ. फिरव डावीकडे, नेहमीसारखं. शाब्बास! आता हे डावं."

खारूने डावीकडे जोर लावला. लाल झाली, पण पायडल हललं नाही.

"हे उलट्या आट्याचं असतं," मामा म्हणाला. "ते उजवीकडे फिरवलं की सुटतं. का सांग बरं?"

"का?"

"दोन्ही सारख्याच आट्याची असती, तर चालवता चालवता एक आपोआप सुटत गेलं असतं. म्हणून एक उलटं ठेवतात. आवळतोय असं वाटतं तेव्हा ते सुटत असतं, आणि सोडतोय असं वाटतं तेव्हा आवळत असतं. तुझ्या बाबांनीच मला शिकवलं हे."

पायडलं निघाली. मामाने छतात दोन हूक मारले, दोरी आणि कप्पी लावली, आणि पलंगाच्या वर सायकल ओढून घेतली. खाली खोली एकदम मोठी झाली. आई दोन्ही हात पसरून गोल फिरली. "अगंबाई, इथे तर आता नाच बसवता येईल!"

मात्र खारू मान वर करून बघत होती. छताला चिकटलेली काळी सायकल, वळवलेल्या हँडलमुळे मान मोडल्यासारखी दिसणारी.

"तिथे बाबांचा हात नाही पोचणार," ती म्हणाली.

त्या आठवड्यात पंप बिघडला. घरमालकाचा माणूस सगळ्यांना सांगून गेला, आज-उद्या पाणी नाही, भरून ठेवलेलं जपून वापरा. आईने पिंपावर झाकण ठेवलं आणि संध्याकाळी भाजी चिरायला बसली. अंधारून आलं. इमारत नेहमीपेक्षा शांत होती. तिने उगाचच भिंतीला हात लावून पाहिला. भिंत गार होती, निश्चल होती.

टिक्, आवाज आला, तिच्या डोक्यावरून. टिक्. टिक्.

तिने वर पाहिलं. मागचं चाक फिरत होतं. भरभर नव्हे, अगदी सावकाश, माणसाच्या चालीने. थोडं पुढे. थांबलं. थोडं मागे. पुन्हा पुढे. अरुंद जागेत शिरताना करतात तसं.

आईने ते मामाला सांगितलं नाही. काय सांगायचं? एक कारण सापडल्यावर तो किती खूश झाला होता. आणि खारूला सांगायची तर गरजच नव्हती. पण त्या दिवसापासून आईला एक वेगळीच भीती वाटायला लागली. ती सायकलची नव्हती, खारूची होती.

कारण खारू जेवेनाशी झाली होती. रात्रीचं पान वाढलं की म्हणायची, "बाबा आले की जेवते." सकाळी शाळेत जाताना दोन घास कसेबसे. गालात घास धरून बसणाऱ्या मुलीचे गालच बसले. बाईंनी शाळेतून विचारणा केली. तळमजल्यावरच्या आजी आईला जिन्यात गाठून म्हणाल्या, "पोरीकडे बघ गं. सावली झालीय नुसती." आईने समजावलं, रागावली, एकदा पाठीत धपाटाही घातला आणि नंतर स्वतःच रडली. खारूचा हट्ट नव्हताच तो. पाहुणे यायचे असले की आपण जसे जेवायचे थांबतो, तशी ती थांबली होती, शांतपणे.

आणि एका संध्याकाळी आई कामावरून आली तर घर उघडं, आणि खारू नाही.

पलंगावर दप्तर होतं. वर सायकल दोरीला टांगलेली. तिचं चाक स्थिर होतं, अगदी स्थिर. ते बघून आई तशीच मागे फिरली आणि जिने उतरायला लागली. अर्ध्या जिन्यातच तिला ऐकू आलं. टिक्, टिक्, टिक्. खालून.

"आजी!" ती ओरडली. "आजी, दिवा लावा!"

आजींनी दार उघडलं आणि त्यांच्या घरातला उजेड जिन्याखाली पडला. जाळीचं दार बंदच होतं. भिंत आणि जाळी यांच्यात लहान मूल आडवं होऊन शिरेल एवढी फट होती. आत पंप दुरुस्त होऊन गरगरत होता आणि त्याचा पट्टा उघडाच फिरत होता. खारू त्याला पाठ करून, वाकून उभी होती. हात पुढे, मुठी आवळलेल्या. तिची एक वेणी पाठीवरून लोंबत होती आणि वेणीचं टोक त्या पट्ट्यापासून वीतभर अंतरावर हलत होतं.

"डावीकडे," ती म्हणत होती. "बाबा, अजून डावीकडे."

आजींनी भिंतीवरचं बटण दाबलं. पंप गुरगुरत थांबला. आईने फटीतून हात घालून खारूला खांद्याला धरून ओढलं, तसा तिचा फ्रॉक जाळीला अडकून फाटला. मुलीचं अंग गार पडलं होतं.

"सोडायला लावलंस!" खारू रडत म्हणाली. "मी मागून कॅरिअर धरलं होतं! जमतच आलं होतं आई!"

वर घरात आणून आईने तिचे हात धुवायला घेतले. तळहातांवर काळ्या तेलाचे दोन आडवे पट्टे होते, सरळ, समांतर, जसे कॅरिअरच्या सळ्या धरल्यावर उमटतात. कॅरिअर तर वर होतं, छताला. आईने साबण लावून लावून ते पट्टे घासले. पुरते गेले नाहीत.

"हे बघ खारू," ती शेवटी म्हणाली, मुलीला मांडीवर ओढून घेत. "येतो, हे नुसतं म्हणायचं असतं. मामा निघताना काय म्हणतो?"

"येतो ताई."

"मग काय तो लगेच परत येतो? तो जात असतो. आपण कुणी 'जातो' म्हणत नाही, बरं दिसत नाही, म्हणून 'येतो' म्हणतो. तसंच हे."

खारूने नीट विचार केला. ती विचार करणारी मुलगी होती. "पण मामा येतोच ना परत?" ती म्हणाली. "दोन दिवसांनी, चार दिवसांनी. येतो म्हणाला की येतोच. मला बाबांनीच शिकवलंय, जातो म्हणायचं नाही, येतो म्हणायचं. म्हणजे यावं लागतं."

आईने तिचे तळहात पुन्हा चोळायला घेतले.

"आणि तू 'या' म्हणालीस," खारू म्हणाली. "त्या दिवशी. मग ते दुसरीकडे कसे जातील?"

दुसऱ्या दिवशी कारखान्यात आईने एका दप्तराची चेन उलटी बसवली. मुकादम बाई म्हणाली, "अहो, ही तर आतून उघडते. आत कोण बसणार आहे?" सगळ्याजणी हसल्या. आईने टाके उसवायला घेतले, आणि उसवता उसवता तिला खारूचं म्हणणं पटलं. वेड्यासारखं का होईना, पटलं. तिनेच बोलावलं होतं. रोज बोलवायची तसं. आणि त्यानंतर कुणीच त्यांना निरोप दिला नव्हता. त्यांना नेलं तेव्हा ती भिंतीला टेकून मुकी बसली होती. लोक एकामागून एक "येतो आम्ही" म्हणून निघून गेले. खारूच्या बाबांशी मात्र तिचा शेवटचा शब्द 'या' हाच राहिला होता.

अर्धी रजा टाकून ती लवकर निघाली.

घरी आल्यावर तिने दोरी सोडून सायकल खाली घेतली. खारू पलंगावर बसून बघत होती. आईने पाना घेतला, हँडल फिरवून सरळ केलं, बोल्ट आवळला. उजवं पायडल बसवलं. डावं बसवताना दोनदा चुकली, कारण हात सवयीने नेहमीच्याच बाजूला वळत होता. "उलटं, आई," खारू हळूच म्हणाली. मग तेही बसलं. सायकल खोलीच्या मधोमध उभी राहिली, स्टँड पूर्ण खाली. कपाटाचं दार आता उघडलं नसतं, टेबल पाडता आलं नसतं. पण सायकल सायकलीसारखी दिसत होती.

"इथे लावायची?" खारूने विचारलं. तिच्या डोळ्यांत इतक्या दिवसांनी चमक आली होती. ती उतरली आणि जाऊन तिने मागून कॅरिअर धरलं.

आईने तिला अडवलं नाही. बाहेर अंधारून येत होतं. तिने दार सताड उघडं ठेवलं आणि दिवा लावला नाही.

टिक्.

खारूने श्वास रोखला.

टिक्. टिक्. स्टँडवर उचललेलं मागचं चाक हलायला लागलं. पुढे. थांबलं. आई सायकलच्या पुढे जाऊन उभी राहिली, दाराकडे तोंड करून, कुणाला निरोप देताना उभं राहतात तशी. दिवसभर तिने मनात शब्द जुळवले होते.

"अहो," ती म्हणाली. "झाली हं सायकल लावून. नीट लागली. आता काळजी करू नका. खारूचं मी बघते. आता... बरं, या."

शब्द बाहेर पडला आणि तिला कळलं. निघालेल्या माणसाला आपण हेच म्हणतो. पाहुणा चपला घालतो, आपण दारात उभे राहतो आणि म्हणतो, बरं, या. जन्मभर म्हटलेला शब्द, जिभेवर बसलेला. तिला निरोपच द्यायचा होता. पण खाली, जिन्याच्या पोकळीत, तो रोजच्यासारखा, वर या असाच ऐकला गेला.

चाक थांबलं. आणि जिन्यावर पाऊल वाजलं.

जड पाऊल, दिवसभर काम करून आलेल्या माणसाचं. एक पायरी. दुसरी. पहिला मजला झाला. कठड्यावर पान्यांची पिशवी आपटल्याचा लहानसा आवाज झाला. घरात तेलाचा वास आला, लिफ्टच्या तेलाचा, जो त्यांच्या शर्टातून कधी गेला नव्हता.

"बाबा!" खारू कुजबुजली. तिचा चेहरा उजळला होता, आणि त्या उजेडात आईला दिसलं, तिचे ओठ निळे पडत चालले होते. कॅरिअर धरलेली बोटं पांढरी झाली होती. पाऊल जसं वर येत होतं, तशी मुलगी गार होत होती.

दुसरा मजला.

आईला ते यायला हवे होते. खोटं कशाला सांगायचं? तिला सगळ्या जगात दुसरं काही नको होतं. दारात तो चेहरा दिसावा, कपाळावर घाम असावा, "पाणी दे गं" म्हणावं. एक जिना राहिला होता. तिने जीभ उचलली. शब्द साधा होता, एका अक्षराचा. लहान मुलांनी म्हटला तर आपण त्यांना दटावतो. तिने स्वतः आयुष्यात दारातल्या माणसाला तो कधी म्हटला नव्हता, भांडणातही नाही. जीभ टाळ्याला लागून तिथेच थांबली.

"आई, मला थंडी वाजतेय," खारू म्हणाली.

"जा," आई म्हणाली.

पाऊल थांबलं.

"आई! असं नाही म्हणायचं!"

"जा तुम्ही," आई म्हणाली. आवाज फुटला तरी तिने तो खाली पडू दिला नाही. "मी बोलावलं होतं, मीच सांगते. येऊ नका. वर येऊ नका, अहो. जा."

बराच वेळ काही झालं नाही. जिन्यात कुणीतरी उभं होतं, आणि ते वळावं की चढावं याचा विचार करत होतं, हे तिला इतकं स्पष्ट जाणवत होतं की ती दाराच्या चौकटीला दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. पुढे जाऊ नये म्हणून. मग पाऊल वाजलं. खालच्या पायरीवर. पुढचं त्याच्याही खाली. सावकाश, पान्यांची पिशवी कठड्याला लागत लागत, पहिला मजला, तळमजला. इमारतीचं दार करकरलं. तेलाचा वास क्षणभर राहिला आणि गेला.

आईने दिवा लावला. खारूने अजून कॅरिअर धरलेलं होतं. आईने तिचं एकेक बोट सोडवलं, हात आपल्या हातांत घेऊन चोळले, ओठांवर रंग येईपर्यंत चोळत राहिली. मुलीने हात ओढून घेतले नाहीत, पण तिने आईकडे पाहिलंही नाही.

"तू बाबांना जा म्हणालीस," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"ते येत होते. दोन जिने चढले होते."

"हो. मी ऐकलं."

"मी तुझ्याशी बोलणार नाही."

"नको बोलूस," आई म्हणाली. "जेव मात्र."

तिने भात परत गरम केला. सायकल मधोमध असल्यामुळे पान पलंगावरच ठेवावं लागलं, आणि सीटच्या वरून हात लांब करून वाढावं लागलं. खारू तिच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसली. आई ओट्याशी उभी राहून, स्वतःच्या ताटाला हात न लावता, त्या छोट्या पाठीकडे बघत राहिली. मग ती पाठ जराशी हलली. पानावर चमच्याचा आवाज झाला. आणि आईला बाजूने मुलीचा गाल दिसला, घासाने फुगलेला, रागाने चावत असलेला.

"अजून वाढू?" तिने विचारलं.

पाठ न वळवताच खारूने ताट मागे सरकवलं.